घडी कुठे मोडते: दुःखाचा देखणा सिनेमा कसा पाहावा

'दिसायला फार सुंदर आहे, पण घडत काहीच नाही.' जिवाभावाचं माणूस गमावल्यावरचा एखादा संथ, देखणा सिनेमा संपला की हे वाक्य हमखास कानावर येतं. यातला दुसरा भाग एका अर्थी खरा आहे. जे घडायचं ते सिनेमा सुरू होण्याआधी घडून गेलेलं असतं, नाहीतर पहिल्या दहा मिनिटांत उरकलेलं असतं. माणूस गेला, नातं तुटलं. मागे राहिलेल्याने उरलेल्या दिवसांचं काय करायचं एवढाच प्रश्न शिल्लक. त्यामुळे 'आता पुढे काय?' ही आपली नेहमीची उत्सुकता इथे बिनकामाची ठरते आणि अर्ध्या तासात चुळबुळ सुरू होते.

फसवा आहे तो पहिला भाग. 'सुंदर आहे, पण' म्हणताना आपण गोष्ट एका बाजूला काढतो आणि सजावट दुसऱ्या. जमून आलेल्या सिनेमात तशी वाटणी करताच येत नाही. त्या रेखीव चौकटी, जुळवलेले रंग, कडक इस्त्रीचे कपडे ही दुःखाला घातलेली घडी असते. माणसाने स्वतःला आवरून धरलंय ते असं. ही घडी किती घट्ट आहे आणि नेमकी कुठे सुटते, हेच अशा सिनेमाचं कथानक. ते शोधायची सवय लागली की 'घडत काहीच नाही' ही तक्रार आपोआप मागे पडते.

एक चादर, तीन शॉट

समजा, पडद्यावर एक माणूस डबलबेडच्या चादरीची घडी घालतोय. हे मुळात दोघांचं काम. एकट्याने करायचं तर एक काठ हनुवटीखाली दाबावा लागतो, हात ताणून फाकवावे लागतात आणि एवढं करूनही मधली घडी तिरकी पडते ती पडतेच. संवाद नाही, हार घातलेला फोटो नाही, रडणं नाही.

आता हा प्रसंग टिपायचा कसा? एक मार्ग असा: कॅमेरा खोलीबाहेर, जागचा न हलणारा, ४० सेकंद एकही कट नाही. दाराची चौकट पडद्याच्या चौकटीत आणखी एक चौकट तयार करते. माणूस डावीकडच्या एक तृतीयांश भागात, उजवीकडे नुसता पलंग आणि भिंत. पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत आपले डोळे दिसण्यासारखं सगळं पाहून मोकळे होतात. मग ते रिकाम्या भागाकडे जातात आणि तिथे कुणीतरी असायला हवं होतं हे जाणवू लागतं. शॉट लांबवण्याचं कारण हे. सातव्या सेकंदाला कट केला असता तर आपल्याला फक्त 'चादर घडी करणारा माणूस' एवढीच माहिती मिळाली असती.

दुसरा मार्ग: ८५ मिलिमीटरची, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स, हनुवटीखाली दाबलेल्या काठाचा क्लोजअप, मागची खोली पुसट. इथे एकटेपणापेक्षा धडपड दिसते. वाईट नाही, पण खोली पुसट झाली की रिकामी जागाही पुसट होते, हा त्याचा तोटा.

तिसरा: कट करून भूतकाळ. तीच चादर, दुसऱ्या टोकाला दुसरे दोन हात, खिडकीतून सोनेरी ऊन, हसू. पुन्हा कट, वर्तमान. सगळं कळतं आणि प्रेक्षकाला करायला काही उरत नाही. पहिल्या मार्गात चादरीचं ते दुसरं टोक प्रेक्षकाच्या हातात येत होतं. इथे ते काढून घेतलं जातं. फ्लॅशबॅक टाळायलाच हवा असं नाही, पण एखादी वस्तू आपलं काम करत असताना तिच्या अंगावर फ्लॅशबॅक चढवला की ती वस्तू मरते.

घडीची तिरकी रेघ ध्यानात ठेवा. पुढे तासाभराने त्याच कपाटात ती चादर दिसली आणि बाकीच्या सगळ्या चादरी काटकोनात असल्या, तर दिग्दर्शकाने आपल्याला काहीतरी सांगितलेलं आहे.

आवराआवर हीच गोष्ट

टॉम फोर्ड यांच्या 'अ सिंगल मॅन' (२००९) या सिनेमात हे जवळून पाहता येतं. फोर्ड मूळचे फॅशन डिझायनर, त्यामुळे 'कपड्यांची जाहिरात' अशी टीका त्यावर झाली. ती काही जागी पटतेही. पण सिनेमाची मांडणी पाहा. ३० नोव्हेंबर १९६२, लॉस एंजेलिस, एकच दिवस. जॉर्ज हा प्राध्यापक, त्याचा सोळा वर्षांचा जोडीदार जिम मोटार अपघातात गेलेला. हे नातं त्या काळात उघड बोलायची सोय नसलेलं, म्हणजे शोक करायचीही सोय नाही. जिमच्या मृत्यूची बातमी फोनवर येते आणि अंत्यविधी फक्त कुटुंबीयांसाठी आहे हेही त्याच फोनवर सभ्यपणे सांगितलं जातं. कॅमेरा जॉर्जच्या चेहऱ्यावरून फारसा हटत नाही. जॉर्ज झालेला कॉलिन फर्थ बोलण्यात शिष्टाचार सांभाळत राहतो आणि चेहरा मात्र आतून खचत जातो.

हे माहीत झालं की जॉर्जच्या खणातल्या एकसारख्या पांढऱ्या शर्टांकडे बघण्याची नजर बदलते. रोज सकाळी 'जॉर्ज' व्हायला वेळ लागतो, असं तो सुरुवातीलाच सांगतो. कपडे हा त्याच्या चिलखताचा भाग. आयुष्य संपवायचं ठरवल्यावरही तो कागदपत्रं, किल्ल्या, सूट रांगेत मांडून ठेवतो आणि टाय कोणत्या गाठीत बांधायचा याची चिठ्ठी सोडतो. हसू येतं आणि घशाशी अडकतं. इथे नीटनेटकेपणा हाच आजार आहे, आणि तो दाखवायला नीटनेटका सिनेमाच लागणार.

रंग: कोण बदलतंय ते आधी ओळखा

रंगांवर लिहिलेलं बरंचसं 'निळा म्हणजे उदासी, लाल म्हणजे प्रेम' इथेच थांबतं. त्याचा उपयोग कमी. जास्त उपयोगाचा प्रश्न असा: पडद्यावरचा रंग आला कुठून? तीन जागा संभवतात. भिंती, कपडे, वस्तू यांचा रंग, म्हणजे कलादिग्दर्शन आणि वेशभूषा. दिव्यांचा रंग. आणि शूटिंगनंतर संपूर्ण चित्राला दिलेला रंग, ज्याला ग्रेडिंग म्हणतात.

ओळखायची साधी युक्ती म्हणजे त्वचा बघणे. भिंत निळी आहे आणि माणसाचा चेहरा नेहमीसारखा आहे, तर ते कलादिग्दर्शन. चेहऱ्याची एकच बाजू निळी आहे, तर तो दिवा किंवा खिडकी. चेहऱ्यासकट सगळंच राखाडी किंवा पिवळसर झालंय, तर ग्रेडिंग. 'अ सिंगल मॅन'मध्ये जॉर्जचा दिवस फिकट, रक्त शोषून घेतल्यासारखा आहे. पण एखादा चेहरा, कुत्र्याच्या केसांचा वास, कुणाच्या तरी ओठांचा रंग त्याच्या ध्यानात आला की पडद्यावर रंग भरत जातो आणि गालांवर लाली चढते. बदल जगात झालेला नसतो, त्याच्या लक्ष देण्यात झालेला असतो. कुठल्या क्षणी रंग चढला आणि केव्हा उतरला याची नोंद ठेवली तर सिनेमाचं अर्धं कथानक हातात येतं. ही युक्ती थोडी जास्तच उघडी आहे, हेही खरं. तिसऱ्या-चौथ्या वेळी ती आपल्याला आधीच कळते.

दिव्यांबद्दल एक गोष्ट उलटी वाटेल. प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात आणि आकडा जितका कमी तितका प्रकाश ऊबदार. शूटिंगचा पारंपरिक पिवळसर दिवा ३२०० केल्विनचा, दिवसाचं ऊन साधारण ५६०० चं. कॅमेरा दिव्याच्या हिशेबाने लावला की खिडकीतून येणारा उजेड निळा दिसतो. विरहाच्या सिनेमात माणूस बरेचदा याच दोहोंच्या सीमेवर उभा केलेला असतो: पाठीमागे दिव्याची ऊब, तोंड निळ्या खिडकीकडे. तो कोणत्या बाजूला सरकतो ते पाहायचं.

कधी दिवाच पात्र होतो. 'कागज के फूल' (१९५९) हा भारतातला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे खूप रुंद पडद्याचा सिनेमा. त्यात रिकाम्या स्टुडिओत दुरावलेले दोघे समोरासमोर येतात आणि वरून उजेडाचा एक तिरपा झोत पडतो. छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी मोठे आरसे लावून बाहेरचं ऊन आत वळवलं होतं. पडदा रुंद असल्याने दोघांमधलं अंतरही रुंद. झोत दोघांना जोडत नाही, मधल्या जागेतली धूळ तेवढी दाखवतो.

वेळ: कासव होणारी घड्याळं

दुःखात वेळ सरळ चालत नाही. एक दुपार संपता संपत नाही आणि तीन महिने कसे गेले ते आठवत नाही. हे दाखवायला सिनेमाकडे मोजकीच हत्यारं आहेत, पण ती धारदार आहेत.

स्लो मोशनचं गणित सोपं आहे. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम्सने दाखवतात. कॅमेऱ्याने सेकंदाला ४८ फ्रेम्स टिपल्या आणि दाखवताना २४ च वेगाने दाखवल्या, तर प्रत्येक हालचाल दुप्पट वेळ घेते. युक्ती स्वस्त असल्याने तिचा गैरवापर उदंड. परीक्षा एकच: जी हालचाल संथ केली आहे ती मुळात किती क्षुल्लक आहे? वाँग कार-वाय यांच्या 'इन द मूड फॉर लव्ह' (२०००) मध्ये एक बाई डबा घेऊन जिना उतरते, एवढंच संथ होतं. सोबत शिगेरू उमेबायाशी यांची तीन मात्रांची, डोलणारी धून. हीच हालचाल, हीच धून पुन्हा पुन्हा येते आणि नुडल्स आणायला जाणं हा विधी होऊन बसतो. याच उमेबायाशींचं थोडं संगीत पुढे 'अ सिंगल मॅन'मध्येही आहे; दोन सिनेमांचं नातं कानांना कळतं ते त्यामुळे.

'इन द मूड फॉर लव्ह'मध्ये दिनदर्शिकेचं काम कपडे करतात. गोष्ट १९६२ च्या हाँगकाँगमधली. शेजारी राहणाऱ्या दोघांना कळतं की आपापले जोडीदार एकमेकांत गुंतले आहेत. त्या जोडीदारांचे चेहरे आपल्याला कधीच दिसत नाहीत. पाठ दिसते, आवाज ऐकू येतो. तोच बोळ, तोच जिना, तोच कॅमेऱ्याचा कोन, आणि नायिका झालेल्या मॅगी चाँगच्या उंच गळ्याच्या पोशाखाची नक्षी तेवढी बदललेली. नक्षी बदलली म्हणजे दिवस गेला. पहिल्यांदा पाहताना हे निसटतं आणि सगळं एकाच संध्याकाळी घडल्यासारखं वाटतं. 'गोंधळ झाला' असं वाटलं तर गाडी मागे नेऊन पोशाख तपासा.

क्षिस्टोफ किशलोव्स्की यांच्या 'थ्री कलर्स: ब्लू' (१९९३) मध्ये वेगळाच उपाय आहे. नवरा आणि मुलगी अपघातात गमावलेली ज्युली कुणाशी तरी बोलत असते, मध्येच पडदा काळा होतो, संगीत अंगावर कोसळतं, आणि चित्र परत येतं तेव्हा तोच क्षण चालू असतो. पडदा काळा झाला म्हणजे वेळ गेला, ही आपली सवय. इथे बाहेर वेळ गेलेलाच नाही. आत कितीतरी गेला. याच सिनेमात कॉफीत बुडवलेला साखरेचा तुकडा तपकिरी होत जाताना अगदी जवळून दिसतो. तो साधारण ५ सेकंदांत भिजावा, ८ सेकंद लागू नयेत, म्हणून किशलोव्स्कींच्या सहायकाने निरनिराळी साखर भिजवून पाहिली होती. ज्युलीला आसपासचं जग नको झालंय, नजर तुकड्यावर खिळली आहे, हे कळायला ५ सेकंद पुरतात. त्यापुढे प्रेक्षक साखर बघायला लागतो.

चेहरा रिकामा असताना

'तो तर काहीच अभिनय करत नाही' ही दुसरी तक्रार. सुमारे शंभर वर्षांपूर्वी लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाने एका नटाचा एकच निर्विकार चेहरा तीन वेगवेगळ्या चित्रांना जोडून दाखवला: सुपाची ताटली, शवपेटी, एक स्त्री. लोकांना तोच चेहरा एकदा भुकेला, एकदा शोकाकुल, एकदा आसक्त वाटला, असं सांगितलं जातं. शोकाच्या सिनेमातला नट चेहरा रिकामा ठेवतो, कारण चेहऱ्याआधी आणि चेहऱ्यानंतर काय जोडलंय त्यावर अर्थ ठरणार असतो. त्याने रडून दाखवलं की ती जागा भरून जाते. म्हणून चेहऱ्यापेक्षा हात बघावेत, गिळलेला आवंढा बघावा, उत्तर द्यायला लागलेला अर्धा सेकंद बघावा.

आणि रडणं दाखवायचंच असेल तर? 'पाथेर पांचाली' (१९५५) मध्ये हरिहर बऱ्याच दिवसांनी घरी परततो आणि मुलीसाठी, दुर्गेसाठी आणलेली साडी काढून दाखवतो. दुर्गा गेल्याचं त्याला माहीत नाही. त्याची बायको सर्वजया कोसळते, पण तिचा आक्रोश आपल्याला ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाई या गजाने वाजवायच्या तंतुवाद्याचा उंच सूर येतो. प्रत्यक्ष रडण्यापेक्षा तो जास्त सोसवत नाही, कारण आवाज काढून घेतल्यावर तो आपल्याला आपल्याच आतून भरावा लागतो.

शांततेबद्दल एक तांत्रिक गोष्ट. सिनेमातली शांतता म्हणजे शून्य आवाज नव्हे. प्रत्येक जागेचा स्वतःचा हलका गुंजारव असतो आणि ध्वनिमुद्रण करणारे तो वेगळा, निदान अर्धा-एक मिनिट, टिपून घेतात. त्या वेळी सेटवर सगळ्यांनी पुतळे व्हायचं. संकलनात संवादांच्या मधल्या फटी याने बुजवतात. हा गुंजारवही अचानक बंद केला की कानांत दडे बसल्यासारखं होतं. मृत्यूची बातमी ऐकल्यावरच्या क्षणांत असं बहिरेपण मुद्दाम आणलेलं असतं. हेडफोन लावून पाहिलं तर ते लगेच पकडता येतं.

देखणेपण कुठे फसतं

प्रत्येक फ्रेम सारखीच देखणी असेल तर सावध व्हावं. घडी मोडल्याचं कळायला काहीतरी चुरगळलेलं दिसावं लागतं. सिनेमा संपल्यावर स्वतःला विचारा: यातली सर्वांत अव्यवस्थित फ्रेम कोणती होती? आठवत नसेल, तर दिग्दर्शकाला दुःखापेक्षा खोली जास्त आवडली असण्याची शक्यता आहे. वस्तूंवर वापराच्या खुणा नसणं हीसुद्धा अशीच खूण. दहा वर्षं संसार केलेल्या घरात एकाही कपाचा टवका उडालेला नाही, उशीला डोक्याचा खळगा नाही, गेलेल्या माणसाचा चष्मा टेबलावर आहे पण काच स्वच्छ आहे. हे घर नव्हे, सजवलेली शोरूम.

संगीत भावनेच्या आधी पोचलं तरी गडबड होते. व्हायोलिन सुरू झालं आणि दोन सेकंदांनी पात्राला पत्र सापडलं, तर पत्र वाचायची गरजच उरली नाही. आणि मेलेलं माणूस फक्त सोनेरी उन्हात, हसताना, पडद्याआडून वळून बघतानाच दिसत असेल, तर ते माणूस कधी जिवंत वाटणारच नाही. ज्याच्यावर कधी चिडावंसं वाटलं नाही त्याच्या जाण्याचं आपल्याला काय? भांडणाचा एक प्रसंग दहा सूर्यास्तांपेक्षा जास्त काम करतो.

पाहण्याची तयारी

ही चर्चा बऱ्याचदा टीव्हीच्या सेटिंगमध्येच वाया जाते. आजचे टीव्ही २४ फ्रेम्सच्या मध्ये स्वतः बनवलेल्या फ्रेम्स घुसडतात, त्यामुळे सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो आणि स्लो मोशनचं वजन जातं. प्रत्येक कंपनी याला वेगळं नाव देते. सेटिंगमध्ये 'मोशन' किंवा 'स्मूथ' असा शब्द असलेला पर्याय शोधून बंद करा. चित्राचा मोड 'सिनेमा', 'मूव्ही' किंवा 'फिल्ममेकर' ठेवा, रंगाचं तापमान 'वॉर्म'. सुरुवातीची दहा मिनिटं चित्र पिवळट वाटेल, मग डोळे सरावतात. दुकानात चमकण्यासाठी असलेला 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' मोड फिकट रंगही भडक करतो. मग जॉर्जच्या गालांवर लाली चढली तरी कळणार कशी?

वरखालच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. २.३९:१ चा (रुंदी उंचीच्या २.३९ पट) सिनेमा टीव्हीच्या १६:९ च्या पडद्यावर दाखवताना उंचीचा जवळजवळ चौथा भाग काळा राहतो. तो भरायला झूम केलं की रुंदीचा जवळजवळ चौथा भाग कापला जातो, आणि आपण ज्या रिकाम्या जागेबद्दल बोलत होतो तीच जाते. ५५ इंची टीव्ही असेल तर सव्वादोन मीटरच्या आसपास बसा. खोलीत अंधार हवा, पण टीव्हीच्या मागे एक मंद दिवा चालेल. समोर दिवा नको, काळ्या फ्रेममध्ये स्वतःचं तोंड दिसतं. आवाज आपोआप समान ठेवणारा पर्यायही बंद करा, नाहीतर तो शांततेचा आवाज वाढवतो आणि किंकाळीचा कमी करतो.

पहिल्यांदा पाहताना थांबवू नका, टिपणं काढू नका. सबटायटल वाचण्यात चेहरे निसटणार, ते गृहीत धरा. दुसऱ्या दिवशी तीन मिनिटांचा एकच प्रसंग निवडा. तो एकदा आवाज बंद करून पाहा आणि किती कट आहेत ते मोजा. १८० सेकंदांत ५ कट म्हणजे ६ शॉट, सरासरी ३० सेकंदांचा शॉट निघाला. मग कुठला शॉट त्या सरासरीत बसत नाही ते शोधा, बहुधा घडी तिथेच मोडलेली असते. नंतर डोळे मिटून नुसता ऐका. तिसऱ्यांदा सबटायटल काढून पाहा. अर्ध्या तासाचं काम आहे.

एक सेटिंग राहिलंच. बहुतेक ओटीटी ॲप श्रेयनामावली सुरू झाली की चित्र कोपऱ्यात आक्रसून पुढच्या कार्यक्रमाची उलटी मोजणी सुरू करतात. या प्रकारच्या सिनेमात शेवटची धून बऱ्याचदा काळ्या पडद्यावर वाजत राहते आणि ती पूर्ण ऐकायला काही मिनिटं लागतात. ऑटोप्ले आधीच बंद करून ठेवा.